टपालाच्या गमतीजमती

टपालानं काय काय जातं? पत्र, मनिऑर्डर, पार्सल. पण मुलांनो, एकदा टपालानं चक्क एक मुलगी गेली होती, ठाऊक आहे?

ही गोष्ट अमेरिकेतली, फेब्रुवारी १९१४ ची. आयडाहो राज्यात ग्रेंजव्हिल गावी मे पिअरस्टॉर्फ नावाची पाच वर्षांची मुलगी राहत होती. तिला लुइस्टनला आजीकडे जायचं होतं. रेल्वेचं तिकीट महाग. पार्सल टपाल मात्र आदल्याच वर्षी सुरू झालेलं, आणि पन्नास पौंडांपर्यंतचं पार्सल चालत होतं. मे भरली साडेअठ्ठेचाळीस पौंड! आईवडिलांनी तिच्या कोटाला ५३ सेंटची तिकिटं लावली आणि टपालाच्या डब्यातून तिला रवाना केलं. डब्यातला कारकून आईच्याच नात्यातला, म्हणून काळजी नव्हती. त्यानं हे पार्सल थेट आजीच्या दारात पोचवलं. पुढे टपालानं माणसं पाठवायला बंदी झाली.

दुसरी गोष्ट आपल्या इस्राएलची. शुक्रवारी, १४ मे १९४८ ला राज्याची घोषणा झाली आणि रविवारी, १६ मे रोजी टपाल तिकिटं विक्रीलाही आली. इतक्या लवकर कशी? तर ती आधीच गुपचूप छापून ठेवली होती. पण छापताना पंचाईत झाली. नव्या राज्याचं नावच ठरलं नव्हतं! मग ‘दोआर इव्री’, म्हणजे ‘हिब्रू टपाल’ एवढंच छापलं. म्हणून त्या पहिल्या नऊ तिकिटांवर ‘इस्राएल’ हे नाव नाही. चित्रं आहेत ती आपल्या पूर्वजांच्या नाण्यांची.

तिसरी गोष्ट येरुशलेमची. तिथं जगभरातून अशी पत्रं येत आली आहेत, ज्यांवर पत्ता एवढाच: ‘देव, येरुशलेम’. कुणी दुखण्यातून बरं कर म्हणतं, कुणी माफी मागतं. आता हा पत्ता शोधायचा कुठे? पण टपालवाले ती पत्रं टाकून देत नाहीत. उघडून, घडी घालून कोतेलच्या फटींत ठेवतात. फटींतल्या चिठ्ठ्याही कचऱ्यात जात नाहीत. वर्षातून दोनदा, पेसाह आणि रोश हशानाच्या आधी त्या काढतात आणि जैतुनांच्या डोंगरावर पुरतात.

मुलांनो, आजी-आजोबांच्या कपाटात भारतातून आलेली जुनी पत्रं असतील. तिकिटं हवी तर मागून घ्या, पण पत्रं टाकू देऊ नका. मराठी वाचता येत नसेल तर आजीला म्हणा, ‘मोठ्यानं वाचून दाखव.’ तेवढंच तिलाही बरं वाटेल.