जग न्यायी आहे, मग चूक कोणाची?

'जो कष्ट करतो त्याला फळ मिळतंच' हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकत आलोय. बारावीला तर ते अभ्यासाच्या टेबलासमोर चिकटवलेलंही असतं! वाक्य वाईट नाही. पण त्याची उलटी बाजू कधी पाहिलीय? ज्याला फळ मिळालं नाही, त्याने कष्टच केले नसणार!

मानसशास्त्रात याला 'न्यायी जगावरचा विश्वास' म्हणतात. मेल्विन लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स यांचा १९६६ सालचा प्रयोग प्रसिद्ध आहे. उत्तर चुकलं की एका मुलीला विजेचे झटके बसतात, असं बघणाऱ्यांना भासवलं गेलं. तिचा त्रास थांबवणं ज्यांच्या हातात नव्हतं, त्यांनी चक्क तिलाच कमी लेखलं! जग न्यायी मानायचं, तर खोट तिच्यातच असणार ना?

हे झालं बघणाऱ्यांचं. पण सोसणाराच असं मानू लागला तर? अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या एका शाळेतल्या २५७ मुलांचा एरिन गॉडफ्रे आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला. तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलं बहुतेक गरीब, अल्पसंख्य समाजांतली. 'आपल्या देशात सगळ्यांना सारखी संधी आहे' असं मानणारी मुलं सहावीत खूश होती, वागायलाही नीट. पण सातवी संपेपर्यंत त्यांचं स्वतःबद्दलचं मत घसरलं आणि नको ते उद्योग वाढले. कारण या वयात भेदभाव कळू लागतो. व्यवस्था बरोबर धरली, की दोष उरतो तो आपला आणि आपल्या लोकांचा!

आपल्याकडे याच समजुतीला नशीब, पूर्वजन्मीचं पाप अशी नावं होती. महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकरांनी घाव घातला तो तिच्यावरच. १९२७ साली महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायलेल्या माणसांना आधी हे पटावं लागलं, की दोष आपल्यात नाही.

मग कष्ट सोडायचे का? मुळीच नाही! लेथवर जॉबला नको असताना टेपर आला, की आपण आपलं काम तपासतो आणि टेलस्टॉक सरकलाय का तेही बघतो. गावाकडून, मराठी माध्यमातून आलेला एखादा मित्र केटी लागली म्हणून 'माझ्यातच दम नाही' म्हणत रूमवर बसला असेल, तर त्याला हे जरूर सांगा. इंग्रजीतली पुस्तकं, क्लासची फी, घरची परिस्थिती यांचा वाटा आधी बाजूला काढायचा. उरेल तेवढंच त्याचं, आणि तेवढं सुधारणं नक्की जमतं!