हंगामी कर्णधार आणि तयार संघ

मुख्य नायक ऐन वेळीं गैरहजर झाला, कीं दुसऱ्याच्या हातीं येणारा संघ त्याचा स्वतःचा नसतो. त्याला वळण लावलेलें असतें तें पहिल्यानें. अशा संघाचें पुढें काय होतें, याचें एक बोलकें उदाहरण, श्रोतेहो, आपल्या डोंबिवलीनेंच पुरविलें आहे.

अजिंक्य रहाणे यांचें बालपण डोंबिवलींत गेलें. शिक्षण तेथील स. वा. जोशी विद्यालयांत झालें. १९ डिसेंबर २०२० रोजीं ॲडलेड येथें भारताचा दुसरा डाव अवघ्या ३६ धांवांत आटोपला. विराट कोहली अपत्यजन्मानिमित्त मायदेशीं परतले आणि आठवड्याभरांतच मेलबोर्नचा सामना उपकर्णधार रहाणे यांच्या गळ्यांत पडला.

फलंदाजी अशी कोसळली असतां कोणीहि आणखी एक फलंदाज घेतला असता. येथें कोहलींच्या जागीं आले अष्टपैलू रवींद्र जडेजा. म्हणजे गोलंदाज पांच झाले. पहिल्या सकाळींच फिरकी गोलंदाज अश्विन यांच्या हातीं चेंडू गेला व स्टीव्ह स्मिथ शून्यावर परतले. पदार्पण करणाऱ्या मोहम्मद सिराज यांना मात्र उपाहारापर्यंत राखून ठेवलें. ऑस्ट्रेलियाचा डाव १९५ धांवांत संपला. रहाणे यांनीं ११२ धांवा केल्या, जडेजांबरोबर १२१ धांवांची भागीदारी केली, आणि सामना आठ गडी राखून जिंकला.

यांत नवी विद्या कोणती? माझ्या मतें कोणतीच नाहीं. संघ तयार असला म्हणजे हंगामी नायकानें कोणाला केव्हां पुढें करावयाचें आणि कोणाला थांबवावयाचें, एवढेंच ठरवावयाचें असतें. अमेरिकन फुटबॉलमध्यें चढाईची सूत्रें हलविणाऱ्या खेळाडूस क्वार्टरबॅक म्हणतात. फिलाडेल्फियाचे कार्सन वेन्ट्झ डिसेंबर २०१७ मध्यें गुडघा दुखावून बाहेर पडले. बदली आलेल्या निक फोल्स यांनीं ४ फेब्रुवारी २०१८ रोजीं न्यू इंग्लंडवर ४१-३३ असा अजिंक्यपदाचा विजय मिळवून दिला. तेथें मात्र जवळजवळ प्रत्येक चालींत चेंडू क्वार्टरबॅकच्या हातून जातो. क्रिकेटच्या कर्णधाराचें तसें नसतें, म्हणून त्याच्या श्रेयाचें माप घेणें अवघड.

खरी कसोटी ब्रिस्बेनला लागली, कारण तेथें तो तयार संघहि उरला नव्हता. बुमराह, अश्विन, जडेजा सारे जायबंदी. शार्दूल ठाकूर हे पालघरचे. पालघर २०१४ पर्यंत आपल्या ठाणें जिल्ह्यांतच होतें. पूर्वींच्या एकमेव कसोटींत दहा चेंडू टाकून ते दुखापतीमुळें बाहेर पडले होते. येथें त्यांनीं सात गडी बाद केले, ६७ धांवा काढल्या आणि वॉशिंग्टन सुंदर यांच्याबरोबर १२३ धांवांची भर घातली. १९ जानेवारी २०२१ रोजीं भारतानें ३२८ धांवांचें लक्ष्य गाठलें. त्या मैदानावर ऑस्ट्रेलिया १९८८ नंतर हरला नव्हता.

रहाणे यांनीं एकंदर सहा कसोटींत नेतृत्व केलें; चार जिंकल्या, दोन अनिर्णित राहिल्या. सहा हा आंकडा लहान आहे, हें विसरतां येत नाहीं. शिवाय त्यांच्या स्वतःच्या धांवा आटत गेल्या. डिसेंबर २०२१ मध्यें उपकर्णधारपद गेलें. पुढच्या महिन्यांत कोहलींनीं कर्णधारपद सोडलें, तेव्हां तें रोहित शर्मांकडे गेलें.