साक्षीदाराचे घर

२१ डिसेंबर २००९ रोजी चंदीगडच्या सीबीआय न्यायालयाने हरियाणाचे निवृत्त पोलीस महासंचालक एस. पी. एस. राठोड यांना एका अल्पवयीन मुलीच्या विनयभंगाबद्दल दोषी ठरविले. शिक्षा झाली सहा महिने सक्तमजुरी आणि एक हजार रुपये दंड. जामीन लगेच मिळाला, आणि न्यायालयातून बाहेर पडतानाचे त्यांचे स्मित घरोघरच्या दूरचित्रवाणीवर झळकले. देश संतापला तो त्या स्मितामुळे.

पुढे अनेक आठवडे चर्चा चालली ती शिक्षेच्या महिन्यांची. आरोपीचे वय झाले आहे, खटला १९ वर्षे चालला आहे, म्हणून दया दाखवावी, असे एक मत होते. खटला रेंगाळण्याचा लाभ ज्याला झाला त्यालाच रेंगाळण्याबद्दल सूट कशी, असा दुसऱ्या बाजूचा सवाल होता. हा सवाल बिनतोड आहे. परंतु भारतीय दंडविधानाच्या कलम ३५४ नुसार तेव्हा अधिकाधिक शिक्षाच दोन वर्षांची होती आणि किमान शिक्षा ठरलेली नव्हती, ही गोष्ट फारच थोड्यांनी लक्षात घेतली. त्याहून मोठा प्रश्न तर बाजूलाच राहिला. मुळात दोष सिद्ध झाला कसा?

घटना ऑगस्ट १९९० मधील, पंचकुला येथील. राठोड तेव्हा पोलीस महानिरीक्षक होते आणि राज्य लॉन टेनिस संघटनेचे अध्यक्षही. टेनिस शिकणाऱ्या १४ वर्षांच्या मुलीला विशेष प्रशिक्षणाच्या निमित्ताने बोलावण्यात आले. तिच्यासोबत तिची मैत्रीण होती. मैत्रिणीने पाहिले, घरी सांगितले, आणि तिच्या आईवडिलांनी दार लावून न घेता शेजाऱ्यापाजाऱ्यांना गोळा करून निवेदन दिले. तत्कालीन पोलीस महासंचालक आर. आर. सिंह यांनी चौकशी करून त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गुन्हा नोंदवावा असा अहवाल दिला. तो कपाटात पडून राहिला.

मुलीच्या घरावर मात्र एकामागून एक संकटे आली. फी थकल्याचे कारण दाखवून शाळेने तिचे नाव पटावरून काढले. भावावर मोटारचोरीचे अनेक गुन्हे दाखल झाले. त्यांतून तो सुटला, पण कोठडी भोगल्यावर. डिसेंबर १९९३ मध्ये मुलीने विष घेऊन जीवन संपविले. राठोड बढत्या घेत १९९९ मध्ये राज्याच्या पोलीस दलाचे प्रमुख झाले. आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा आरोप लावण्याचा प्रयत्न उच्च न्यायालयात टिकला नाही.

खचलेले कुटुंब गाव सोडून गेल्यावर खटला टिकला तो मैत्रिणीच्या आईवडिलांमुळे. सीबीआय चौकशीसाठी उच्च न्यायालयाचे दार त्यांनी ठोठावले. वडील सरकारी नोकर. त्यांच्या नोकरीवर गदा आली. वृत्तपत्रांनी चारशेहून अधिक तारखा मोजल्या. रक्ताचे नाते नाही, व्यवहाराचा संबंध नाही. तरी एक साधे घर १९ वर्षे साक्षीला उभे राहिले.

आपल्या व्यापारी घरांत 'कोर्टाची पायरी चढू नये' हे शहाणपण पिढीजात आहे. दुकानासमोरची गाडी, मिरवणुकीचा बंदोबस्त, चातुर्मासातील गर्दी, सर्वच ठिकाणी पोलिसांशी गोडी राखावी लागते. महावीर जयंतीच्या व्यासपीठावर अधिकाऱ्यांना शाल-श्रीफळ देण्याची प्रथाही त्यातूनच रूढ झाली. बहुतेक अधिकारी त्या मानाला पात्र असतातही. पण वाईट अधिकारी ज्या मौनावर विसंबतो, ते याच गोडीचे दुसरे टोक आहे. या मौनाला कोणी धर्माचाही आधार देतात. ज्याने विपत्ती ओढवेल असे सत्यही श्रावकाने बोलू नये, असे आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंडक श्रावकाचारात सांगितले आहे ना? सांगितले आहे, पण टीकाकारांनी ती विपत्ती दुसऱ्याची मानली आहे. स्वतःच्या दुकानाला त्रास नको म्हणून शेजारच्या लेकीबद्दल गप्प राहणाऱ्याला त्या वचनात आसरा नाही.

संतापाचा परिणाम झाला. राठोड यांचे पोलीस पदक परत घेण्यात आले. मे २०१० मध्ये सत्र न्यायालयाने शिक्षा अठरा महिन्यांची केली. पुढे कायदेही बदलले. २०१२ च्या पोक्सो कायद्यात पोलीस अधिकाऱ्याने बालकावर केलेला लैंगिक हल्ला गंभीर प्रकारात धरला गेला आणि त्यास किमान पाच वर्षे कारावास ठरला. २०१३ च्या दुरुस्तीने विनयभंगास किमान एक व कमाल पाच वर्षे शिक्षा ठरविली. स्त्रियांवरील ठरावीक गंभीर गुन्ह्यांची फिर्याद नोंदवून न घेणारा सरकारी नोकर स्वतःच गुन्हेगार ठरू लागला.

सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम निकाल सप्टेंबर २०१६ मध्ये आला. दोषसिद्धी कायम राहिली. राठोड यांचे वय लक्षात घेऊन शिक्षा मात्र त्यांनी तोवर भोगलेल्या कारावासाइतकी करण्यात आली. तो कारावास सुमारे सहा महिन्यांचा होता.