तिसऱ्या, चिंबोऱ्या आरोग्याला चांगल्या; पण कोणत्या पाण्यातल्या?

पनवेल, प्रतिनिधी

रक्ततपासणीच्या अहवालात कोलेस्टेरॉल वाढलेले दिसले, की मासळी खाणाऱ्या घरात सर्वांत आधी बंद होते ती कोलंबी. पाठोपाठ चिंबोऱ्यांवर संक्रांत येते. त्याच घरात खाडीतल्या तिसऱ्यांचा वाटा मात्र 'कुठून आणल्या?' एवढेही न विचारता पिशवीत पडतो. वैद्यकशास्त्राचे आजचे म्हणणे पाहिले, तर ही भीती आणि ही बेफिकिरी दोन्ही चुकीच्या जागी आहेत. कवचाची मासळी बहुतेकांच्या प्रकृतीला हितकारकच आहे. मात्र ती कोणत्या पाण्यात वाढली, या प्रश्नाला तिच्यातील कोलेस्टेरॉलपेक्षा अधिक महत्त्व आहे.

एक नाव, दोन कुळे

आपण ज्याला सरसकट कवचाची मासळी म्हणतो, त्यात दोन निराळ्या कुळांतले जीव येतात. कोलंबी, करंदी, जवळा, शेवंड आणि चिंबोऱ्या हे सांधेयुक्त पायांचे, हिंडून-फिरून भक्ष्य मिळवणारे प्राणी. तिसऱ्या, खुबे आणि कालवे हे दोन शिंपल्यांत राहणारे मृदुकाय प्राणी. ते एका जागी राहून सभोवतालचे पाणी आत ओढतात, त्यातील सूक्ष्म कण गाळून खातात आणि उरलेले पाणी बाहेर सोडतात. आरोग्याच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. कारण पहिल्या गटाविषयीच्या शंका मुख्यतः कोलेस्टेरॉल आणि ॲलर्जीच्या आहेत, तर दुसऱ्या गटाविषयीच्या पाण्याच्या.

पोषणाचा हिशेब

शंभर ग्रॅम शिजवलेल्या कोलंबीत सुमारे २० ग्रॅम किंवा त्याहून थोडी अधिक प्रथिने असतात आणि चरबी जेमतेम एक-दोन ग्रॅम. कालवे हा जस्ताचा सर्वांत समृद्ध नैसर्गिक स्रोत मानला जातो. तिसऱ्यांच्या वर्गातील शिंपल्यांमध्ये ब-१२ जीवनसत्त्व इतके असते, की एका वाटीभर गरातून दिवसाच्या गरजेच्या कितीतरी पट मिळावे. याशिवाय लोह, सेलेनियम आणि आयोडीनही मिळते. जवळा कवचासकट खाल्ला जात असल्याने त्यातून कॅल्शियमचा चांगला पुरवठा होतो. महागड्या पापलेट-सुरमईच्या तुलनेत जवळा, सुकट आणि तिसऱ्या स्वस्त असल्याने खाडीकाठच्या कोळी-आगरी कुटुंबांचे पोषण पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्यावर झाले, हेही विसरता येणार नाही.

कोलेस्टेरॉलचा बागुलबुवा

शंभर ग्रॅम कोलंबीत साधारण १५० ते २०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असते, हे खरे. तथापि, रक्तातील कोलेस्टेरॉल वाढवण्यात अन्नातील कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त चरबीचा वाटा मोठा असतो आणि ती कोलंबीत नगण्य असते. अमेरिकेतील रॉकफेलर विद्यापीठातील संशोधकांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी व्यक्तींना तीन आठवडे रोज ३०० ग्रॅम कोलंबी खाऊ घातली. त्यांचे 'वाईट' समजले जाणारे कोलेस्टेरॉल सुमारे सात टक्क्यांनी वाढले. पण 'चांगले' कोलेस्टेरॉल सुमारे १२ टक्क्यांनी वाढले आणि ट्रायग्लिसराइड्‌स १३ टक्क्यांनी घटले. अमेरिकेच्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांतून रोजच्या ३०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉलची मर्यादा २०१५ च्या आवृत्तीत वगळण्यात आली.

तिसऱ्या-कालवांचे कोलेस्टेरॉल तर कोलंबीहूनही कमी असते. पूर्वीच्या चाचणीपद्धतीत वनस्पतिजन्य स्टेरॉलही कोलेस्टेरॉल म्हणून मोजले जात असल्याने त्यांची नाहक बदनामी झाली. खरी काळजी घ्यायची ती तळणीच्या तेलाची आणि वाटणातील खोबऱ्याची, कारण संपृक्त चरबी तेथून येते. अर्थात, आनुवंशिक कारणाने कोलेस्टेरॉल वाढलेल्यांनी, मधुमेहींनी आणि हृदयरुग्णांनी प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

शिंपला म्हणजे पाण्याची नोंदवही

मोठे कालव अनुकूल स्थितीत दिवसाकाठी शंभर लिटरहून अधिक पाणी गाळू शकते. त्यामुळे पाण्यात जे विरळ असते, ते शिंपल्यातील जिवाच्या शरीरात साठत जाते. सांडपाण्यातील जंतू आणि विषाणू, कारखान्यांतून येणारे कॅडमियम, शिसे, पारा यांसारखे जड धातू आणि काही सूक्ष्म शैवालांची विषे त्यात येतात.

हा धोका केवळ पुस्तकी नाही. चीनमधील शांघाय शहरात १९८८ च्या प्रारंभी सांडपाण्याने दूषित झालेल्या, अर्धवट शिजवलेल्या शिंपल्यांमुळे 'हेपटायटिस ए' या काविळीची लागण सुमारे तीन लाख लोकांना झाली. आपल्याकडे केरळमधील विझिंजम येथे १९९७ मध्ये विषारी शैवालाचा अंश असलेले शिंपले खाऊन सात जणांचा मृत्यू झाला. जपानमधील मिनामाता येथे १९५६ मध्ये उघडकीस आलेल्या विकाराचे मूळ कारखान्याच्या सांडपाण्यातील पाऱ्यात होते आणि तो माणसांपर्यंत पोहोचला तो उपसागरातील मासे आणि शिंपल्यांवाटे.

पनवेलच्या खाडीचे काय?

हे सारे पनवेलकरांनी स्वतःच्या दारात तपासून पाहण्यासारखे आहे. माथेरानच्या डोंगररांगेतून येणारी गाढी नदी आणि तळोजा औद्योगिक वसाहतीजवळून वाहणारी कासाडी पनवेलच्या खाडीला मिळतात आणि ही खाडी पुढे ठाण्याच्या खाडीला. कासाडीच्या प्रदूषणाचे प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोजा परिसरात कुत्र्यांच्या अंगाचा रंग निळा झाल्याचे आढळले, तेव्हा या सांडपाण्याची चर्चा देशाबाहेरही झाली आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने एका कारखान्यावर बंदीची कारवाई केली. औद्योगिक सांडपाण्याच्या जोडीला वाढत्या शहराचे घरगुती सांडपाणीही आहे.

याचा अर्थ बाजारातला प्रत्येक वाटा विषारी आहे, असा मुळीच नाही. पनवेलच्या बाजारात उरण, अलिबागकडचाही माल येतो आणि सर्व खाड्यांचे पाणी सारखे नसते. अडचण अशी, की वाट्यावर गाव लिहिलेले नसते. युरोपीय देशांत शिंपल्यांची क्षेत्रे शिंपल्यांच्या गरातील मलजन्य जंतूंच्या प्रमाणानुसार अ, ब, क अशा वर्गांत विभागली जातात. 'अ' वर्गातील माल थेट विकता येतो, 'ब' वर्गातील माल स्वच्छ पाण्यात ठेवून शुद्ध केल्यावर. आपल्याकडे अन्नसुरक्षा नियमांत धातू व जैविक विषांच्या मर्यादा ठरवून दिल्या आहेत, परंतु स्थानिक बाजारातील ग्राहकाला त्या पाळल्या गेल्या की नाही, हे कळण्याची सोय नाही.

शिजवण्याने काय साधते?

नीट शिजवल्यास जंतू आणि विषाणू मरतात. मात्र शिंपला उघडला म्हणजे तो शिजला, हा समज घातक आहे. हेपटायटिस एचा विषाणू निष्प्रभ होण्यासाठी गराच्या आतपर्यंत ९० अंश सेल्सिअस तापमान किमान दीड मिनिट टिकावे लागते, आणि शिंपले त्याआधीच उघडतात. एकशिपीसाठी तिसऱ्या गरम पाण्यात उघडून घेतल्या, तरी नंतर रश्शात पाच मिनिटे चांगली उकळी येऊ द्यावी. मिठाच्या पाण्यात ठेवल्याने वाळू सुटते, विषाणू किंवा धातू जात नाहीत. जड धातू आणि शैवालांचे विष कितीही शिजवले तरी कायम राहते. त्यावर उपाय एकच, तो म्हणजे मूळ पाणी स्वच्छ असणे.

कोणी जपून खावे?

कवचाच्या मासळीची ॲलर्जी 'ट्रोपोमायोसिन' नावाच्या प्रथिनामुळे उद्भवते. ते उष्णतेने नष्ट होत नाही. अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, श्वास लागणे अशी लक्षणे एकदा दिसल्यास 'थोडेसे खाऊन पाहू' हा प्रयोग करू नये. तीव्र प्रतिक्रिया जिवावर बेतू शकते. ही ॲलर्जी आयोडीनची असते, हा समज मात्र चुकीचा आहे.

युरिक ॲसिड वाढलेल्यांनी किंवा गाऊटच्या रुग्णांनी प्रमाण मर्यादित ठेवावे. यकृताचा विकार असलेल्यांनी, तसेच गर्भवती महिलांनी कच्चे वा अर्धकच्चे शिंपले पूर्णतः टाळावेत. कोलंबीत पाऱ्याचे प्रमाण कमी असल्याने ती व्यवस्थित शिजवून गर्भवतींनी खाण्यास हरकत नसते.

खरेदी करताना

* तिसऱ्या कोणत्या खाडीतल्या, हे विक्रेतीला जरूर विचारा. नाल्याच्या किंवा कारखान्यांच्या सांडपाण्याच्या मुखाजवळचा माल टाळा.
* शिंपले मिटलेले असावेत. उघडा शिंपला टिचकी मारल्यावर न मिटल्यास तो टाकून द्या. शिजवूनही न उघडलेला शिंपला खाऊ नका.
* चिंबोरी जिवंत व चपळ पाहून घ्या. नांग्यांतील पांढरे मांस निर्धोक. कवटीतील तपकिरी गरात कॅडमियम अधिक साठते, तो नेहमी खाऊ नये.
* अमोनियाचा दर्प येणारी, डोके काळे पडलेली कोलंबी घेऊ नका.
* एकाच खाडीचे शिंपले रोज खाण्यापेक्षा मासळीचे प्रकार बदलत राहा.

बाजारात जाणाऱ्या ग्राहकाला निदान निवडीची मुभा आहे. ओहोटीच्या वेळी चिखलात उतरून तिसऱ्या-कालवे वेचणाऱ्या आणि विकून उरलेली घरी रांधणाऱ्या महिलांना तीही नाही. खाडी बिघडल्यास पहिला फटका त्यांच्या ताटाला आणि दुसरा त्यांच्या रोजगाराला बसतो. म्हणूनच अन्न व औषध प्रशासन, मत्स्यव्यवसाय विभाग आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ यांनी खाडीतील शिंपल्यांची ठराविक काळाने तपासणी करून तिचे निष्कर्ष मासळी बाजारातील फलकावर मराठीत लावावेत. ज्या खाडीचे पाणी निर्धोक ठरेल, तेथील मालाला त्यामुळे चार पैसे अधिकच मिळतील.