'घरीच शिकतो' म्हणजे काय?

लग्नकार्यात किंवा आगगाडीच्या डब्यात लहान मूल भेटले की आपण त्याला हमखास दोन प्रश्न विचारतो: नाव काय आणि कितवीत आहेस? दुसऱ्या प्रश्नाला 'मी शाळेत जात नाही, घरीच शिकतो' असे उत्तर आले, की मुलाशी चाललेले बोलणे थांबते आणि आईवडिलांची उलटतपासणी सुरू होते. पाढे येतात का? मित्र आहेत का? दहावीचे काय? मुलांना जाणीवपूर्वक घरी शिकवणारी कुटुंबे आपल्याकडे थोडीच. पण या प्रश्नांना त्यांना रोज तोंड द्यावे लागते. प्रश्न गैर नाहीत. मात्र त्यांतले किती समोरच्या मुलाविषयी असतात आणि किती आपल्या मनातल्या ठोकळ्याविषयी, हे एकदा तपासायला हवे.

पहिला आक्षेप ठरलेला. घरी राहून मूल एकलकोंडे होणार, चारचौघांत कसे वागावे हे त्याला कळणार नाही! पण शाळेत तरी मूल कोणात मिसळते? आपल्याच वयाच्या मुलांत, तेही मधल्या सुट्टीत. तासाला शेजारच्याशी बोलले तर ओरडा बसतो. घरी शिकणाऱ्या मुलाला आजीबरोबर बँकेत जायला, ग्रंथालयात रेंगाळायला, संध्याकाळी मैदानावर लहानमोठ्यांत खेळायला वेळ असतो. अर्थात हे आपोआप घडत नाही. फ्लॅटचे दार लावून मुलाला पुस्तकासमोर बसवले, तर आक्षेप शंभर टक्के खरा ठरेल. म्हणून 'शाळेत जातो का' यापेक्षा 'दिवसभरात कोणाकोणाला भेटतो' हा प्रश्न अधिक कामाचा.

यात एक अन्यायही आहे. शाळेत जाणारे मूल पाहुण्यांसमोर आईच्या मागे लपले, तर आपण म्हणतो, 'लाजाळू आहे हो.' घरी शिकणारे लपले, तर 'बघा, शाळेत घातले नाही त्याचा परिणाम!' एकाचा तो स्वभाव, दुसऱ्याचा तो पुरावा. उलट बाजूनेही असेच होते. मुंबईतल्या एका मुलीने सातवीच्या सुमारास शाळा सोडली, संगणकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये पदके मिळवली आणि २०१६ साली दहावी-बारावीच्या प्रमाणपत्रांविना अमेरिकेतल्या एमआयटीत प्रवेश मिळवला. तेव्हापासून घरी शिकणारे मूल म्हणजे बुद्धिमत्तेचे आश्चर्य, अशीही एक समजूत आहे. शाळेतल्या सर्वसाधारण मुलाला सर्वसाधारण असण्याची मुभा असते. घरी शिकणाऱ्या मुलाला तीही नाही.

दुसरा आक्षेप पालकांच्या कुवतीचा. आईवडिलांना भूमिती, रसायनशास्त्र, व्याकरण सगळे थोडेच येते? येत नाही, पण सगळे विषय शाळेतल्या एकाही शिक्षकाला येत नाहीत. घरी शिकवणे म्हणजे सगळे आपणच शिकवणे नव्हे. काही पुस्तकातून, काही जाणकाराकडून, काही मुलाने स्वतः धडपडून शिकायचे असते. इथे कोणी म्हणेल, २०२० च्या टाळेबंदीत आम्ही हे करून पाहिले, फसले! पण तेव्हा घरात आली ती शाळाच: तेच वेळापत्रक, तीच हजेरी, फक्त फळ्याच्या जागी मोबाइल. खानावळीचा डबा घरी मागवून खाल्ला, म्हणून तो घरचा स्वयंपाक होत नाही.

दहावीची काळजी रास्त, पण वाटा आहेत. आपल्याकडे १७ नंबरचा फॉर्म भरून, त्याच्या अटी पाळून बाहेरून परीक्षेला बसणारे विद्यार्थी नवे नाहीत. १९८९ साली सुरू झालेली राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था वयाची १४ वर्षे पूर्ण झाल्यावर दहावीसाठी नोंदणी करून घेते.

'हे पैसेवाल्यांचे खूळ' या टीकेत मात्र तथ्य आहे. कोणीतरी मोठे माणूस दिवसभर घरी हवे, म्हणजे एका पगारावर पाणी सोडायचे. आणि ती नोकरी बहुधा आईची असते. ही किंमत कोण मोजते आहे, हे विचारल्याशिवाय या प्रयोगाचे कौतुक करू नये.

आणि सर्वांत गंभीर शंका आपल्या इतिहासातूनच येते. मुलाला, विशेषतः मुलीला, 'घरी ठेवणे' याचा अर्थ आपल्याकडे धाकटी भावंडे सांभाळायला लावणे, कामाला जुंपणे, लवकर उजवून टाकणे असाच होता. म्हणूनच १८४८ साली भिडे वाड्यात सुरू झालेली मुलींची शाळा ही क्रांती ठरली. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांमागे आजही मुलांची शाळा सुटते. पण त्याच इतिहासाची दुसरी बाजूही आहे. सावित्रीबाईंना जोतीरावांनी घरीच शिकवले. पंडिता रमाबाईंना संस्कृत शिकवले ते त्यांच्या आईने. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' म्हणून गौरवले. रमाबाई रानड्यांचे शिक्षण लग्नानंतर न्यायमूर्तींच्या घरात झाले. म्हणजे घरी ठेवणे वेगळे आणि घरी शिकवणे वेगळे. एकात दार बंद होते, दुसऱ्यात उघडते.

ही दोन्ही दारे बाहेरून ओळखायची कशी? २००९ चा शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांना शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य मानतो. त्यात घरी शिकवण्याचा उल्लेख नाही आणि पालकांना शिक्षाही नाही. मात्र शाळेत कधीच न गेलेल्या किंवा मध्येच शाळा सुटलेल्या मुलाला वयाला साजेशा वर्गात घेतलेच पाहिजे, असे त्याचे चौथे कलम सांगते. शाळेत परतण्याची वाट कायद्याने मोकळी ठेवली आहे. ती घरातही मोकळी आहे का, हेच पाहायचे. मुलाला शाळेत जावेसे वाटले, तर त्याला तसे बोलता येते का? आईवडिलांखेरीज विश्वासाचे एखादे मोठे माणूस त्याला नेमाने भेटते का? आपला निर्णय चुकला असे वाटले, तर तो बदलण्याची पालकांची तयारी आहे का?

या तिन्ही प्रश्नांना 'हो' असे उत्तर असेल, तर पाढ्यांची परीक्षा घेण्याचे पाहुण्यांना कारण नाही. एका उत्तरात जरी 'नाही' आले, तर मात्र काळजी करावी. मग ते मूल घरी शिकत असो, नाहीतर शहरातल्या नामांकित शाळेत.