थंडीत इंजिन का रुसते?

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात हिवाळ्यात तळी गोठतात. मासे धरण्यासाठी बर्फाला भोक पाडावे लागते. त्यासाठीच्या काही गिरमिटांना पेट्रोलचे इंजिन जोडलेले असते. पण उणे २० अंश सेल्सिअसला ते पुष्कळदा सुरूच होत नाही. असे का?

द्रवरूप पेट्रोल जळत नाही. जळते ती त्याची वाफ. थंडीत वाफ कमी होते. म्हणून चोक लावून हवा कमी करतात आणि मिश्रणातील पेट्रोलचे प्रमाण वाढवतात. तरीही इंजिन सुरू झाले नाही, तर नुसती दोरी ओढत राहू नये. स्पार्क प्लग काढून पाहावा. तो कोरडा असेल, तर पेट्रोल पोहोचत नाही. ओला असेल, तर पेट्रोल जास्त झाले, ठिणगीच बुजली! अशा वेळी प्लग पुसून कोरडा करावा आणि चोक काढून पुन्हा प्रयत्न करावा.