किल्ल्यातला वाघ आणि काळजं खाणारी मगर

दिवाळीतला किल्ला आठवतोय? मावळे बोटभर उंचीचे आणि गुहेत बसवलेला प्लॅस्टिकचा वाघ थेट बुरुजाएवढा! पण ते कुणालाच खटकायचं नाही. उलट बघायला येणारा प्रत्येक जण आधी वाघाकडेच बोट दाखवायचा. टेबलटॉप वॉरगेममधला ‘मॉन्स्टर’ हेच काम करतो.

वॉरहॅमर हा त्यातला सगळ्यात गाजलेला खेळ. इंग्लंडच्या गेम्स वर्कशॉपनं १९८३ मध्ये तो आणला. फौज तुम्हीच जोडायची, रंगवायची, टेपनं अंतर मोजून टेबलावर पुढे सरकवायची आणि फासे टाकून लढायचं. सैनिक जेमतेम तीन सेंटिमीटरचा, मॉन्स्टर तळहाताएवढा किंवा त्याहून मोठा. म्हणूनच नवा मॉन्स्टर कसा असावा, यावर खेळाडू तासन्‌तास भांडू शकतात.

उदाहरण घेऊ ‘टूम किंग्ज’चं. प्राचीन इजिप्तवर बेतलेली ही फौज : थडग्यातून उठलेले राजे, सांगाड्यांचं पायदळ, रथ. २०१५ मध्ये कंपनीनं कथेतलं ते जगच नष्ट करून टाकलं आणि पुढे हे मिनिएचर विक्रीतूनही गेले. रात्र रात्र जागून शंभरेक सांगाडे रंगवलेल्यांचं काय झालं असेल, विचार करा. २०२४ मध्ये ‘द ओल्ड वर्ल्ड’मधून ही फौज परतली, सोबत हाडांचा भलामोठा ड्रॅगन घेऊन. दिसायला झकास! पण खरं सांगू? ड्रॅगन कुठल्याही फौजेत खपून जातो. २०११ मध्ये आलेला स्फिंक्स मात्र टूम किंग्जचाच, दुसऱ्या कुणाचा वाटूच शकत नाही.

मग नवं काय आणता येईल? माझं मत अम्मितला. डोकं मगरीचं, पुढचा भाग सिंहाचा, मागचा पाणघोड्याचा. इजिप्शियन समजुतीत मेलेल्या माणसाचं काळीज तराजूत सत्याच्या पिसाशी तोललं जायचं. काळीज जड निघालं की अम्मित ते गिळणार आणि त्या माणसाचा परलोक कायमचा बंद. आता गंमत बघा, टूम किंग्ज म्हणजे मरणाला चकवून उठलेले राजे. त्यांनी सगळ्यात जास्त घाबरायला हवं ते हिलाच! आणि तीच त्यांच्या फौजेत?

नियमही यातूनच सुचतो. शत्रूचा सरदार तिच्या आसपास पडला, की तिच्या जखमा भरून येणार. पण या फौजेची एक दुखरी नस आहे. मुख्य पुरोहित मेला, की सांगाडे ढासळायला लागतात. तसं झालं, की अम्मितनं जवळ दिसेल त्या तुकडीवर तुटून पडायचं, मग ती आपली का असेना. असा मॉन्स्टर घ्यायचा की नाही, यावर खेळाडू दहा वेळा विचार करेल.

बेन्नू हा बगळ्यासारखा पक्षीही सुंदर दिसेल, पण काडीसारख्या पायांवर एवढं धूड तोलायचं म्हणजे पहिल्याच प्रवासात तुकडे. आणि अपेप हा महासर्प? तो सूर्यदेवाचा वैरी, राजांच्या बाजूनं लढेल कशाला? बाद.

तुमच्या डोक्यात काही शिजत असेल, तर लगेच मूर्ती घडवायला बसू नका. आधी पुठ्ठ्यातून खऱ्या मापाची आकृती कापा, सैनिकांच्या रांगेत उभी करा आणि चार पावलं मागे जाऊन बघा. नुसत्या बाह्यरेषेवरून प्राणी ओळखू आला पाहिजे. अम्मितचा जबडा उघडाच हवा, नाहीतर ती लांबून ढेकळासारखी दिसेल. मग तारेचा सांगाडा, त्यावर चुरगळलेली ॲल्युमिनियम फॉइल आणि वरून एम-सील. हात ओले ठेवा आणि थोडं थोडंच मळा, ते भराभर घट्ट होतं. खालचा बेस मात्र स्फिंक्सच्याच मापाचा घ्या. तुमचे घरगुती नियम समोरच्याला पटले नाहीत, तरी त्याला आधी सांगून तीच मूर्ती स्फिंक्स म्हणून खेळवता येईल.